अंगणात लाल विटांची फरसबंदी: वाळूवर बसवायची की सिमेंटवर?

मेणवलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

वाईजवळ आमचं जुनं घर आहे. पुढचं अंगण २० बाय १८ फूट. त्यावरचा कोबा वडिलांच्या काळातला. आता तो मधोमध बसलाय, जागोजागी तडकलाय आणि पावसाळ्यात नेमकं घराच्या बाजूला पाणी धरतो. तो उखडून लाल विटा बसवायच्या असं घरात ठरलंय. जमीन काळी. दोन दुचाक्या रोज उभ्या असतात, चारचाकी सणासुदीला. आईचं वय झालंय आणि ती रोज सकाळी तुळशीपर्यंत जाते-येते, त्यामुळे घसरडं काही नको.

गवंड्याचं म्हणणं, खाली चार इंच पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रिट) टाकू, त्यावर मालात विटा बसवू, सांधे सिमेंटने भरू, मग वीस वर्षं बघायला नको. भाचा म्हणतो, विटा नुसत्या वाळूवर बसवतात, सिमेंट लागतच नाही. हे गवंड्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "मग दरवर्षी मलाच बोलवा."

कोणाचं ऐकू? आणि वीट कुठली घेऊ?

चुनाविटा

गवंडी हसला तरी भाचा बरोबर आहे. मात्र "नुसत्या वाळूवर" यातला "नुसत्या" काढून टाका. सगळी गोम वाळूच्या खाली काय आहे त्यात आहे.

आधी तुमचा कोबा का तडकला ते बघू. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. म्हणजे अंगणाखालची जमीन दरवर्षी वर-खाली होते, तीही सगळीकडे सारखी नाही. कडेला पाणी लवकर मुरतं, मधे उशिरा. चार इंचांचा कडक थर या हालचालीबरोबर वाकू शकत नाही, म्हणून मोडतो. नवं पीसीसी टाकलं तरी खालची माती तीच राहणार. त्यावर चिकटवलेल्या विटांमध्येही तीच तड वर येईल, आणि ती दुरुस्त करायची तर विटा फोडाव्या लागतील. वाळूवरच्या विटा एखाद-दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खाली-वर झाल्या तर तेवढ्याच उचलून, खाली वाळू घालून परत बसवता येतात.

काम असं करा.

कोबा आणि त्याखालची काळी माती मिळून दीड ते दोन फूट काढा. सगळी काळी माती काढणं परवडत नाही, ती किती खोल असेल सांगता येत नाही. पण वरची दीड-दोन फूट काढून मुरूम भरला तर फुगण्याचा त्रास बराच कमी होतो. मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवू नका. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून ओलसर करायचा (चिखल होईल इतकं पाणी नाही) आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबायचा. तालुक्याच्या ठिकाणी तो भाड्याने मिळतो. नाहीच मिळाला तर धुम्मस आहेच, फक्त मग थर चार इंचांचे घ्या आणि दोन दणकट माणसं लावा.

मुरमावर खडीचा थर, दाबून सहा इंच. एकाच मापाची खडी नको, मोठी-बारीक मिसळलेली हवी, म्हणजे फटी भरून थर घट्ट बसतो. खडीवर वाळू एक ते दीड इंच, त्याहून जास्त नाही. उंच-सखल भाग वाळूने सारखे करायचा मोह होतो आणि पुढे नेमक्या त्याच जागी खळगे पडतात. उंच-सखल जे काढायचं ते खडीतच काढा. वाळू सगळीकडे एकाच जाडीची राहिली पाहिजे.

ही वाळू पसरायची, सरळ पट्टीने ओढायची, आणि विटा बसण्याआधी दाबायची नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. आधी बसवलेल्या विटांवर उभं राहून पुढे सरकत जायचं. सगळ्या विटा बसल्यावर वरून रबर लावलेला कॉम्पॅक्टर फिरवायचा. भाजलेल्या विटेवर थेट लोखंड आपटलं की कोपरे उडतात.

उतार घरापासून बाहेर, ५० ते ६० फुटांना एक फूट. तुमच्या २० फुटांत म्हणजे चार ते पाच इंच. डोळ्यांना हे जास्त वाटेल आणि गवंडी "एवढा ढाळ वाईट दिसतो" म्हणेल, पण ऐकू नका. काच गुळगुळीत असते, वीट नसते. कमी उतारावर पाणी विटेवर रेंगाळतं आणि शेवाळ तिथूनच सुरू होतं. उतार खोदाईच्या तळापासूनच द्यायचा, वरच्या वाळूत नाही. अंगणाची वरची पातळी जोत्याच्या डीपीसीपासून (ओल भिंतीत चढू न देणारा थर) किमान सहा इंच खाली ठेवा, नाहीतर भिंती ओल धरतील.

आणि कडा. वाळूवरची फरसबंदी बिघडते ती बहुतेक वेळा कडेकडून. चारही बाजूंनी एक ओळ विटा काँक्रिटमध्ये पक्क्या बसवा, बाहेरून काँक्रिटचा आधार देऊन. तेवढी एकच ओळ सिमेंटची, तुमच्या गवंड्याचंही मन राहील. फक्त उताराच्या खालच्या बाजूला या कडेत दर तीन-चार फुटांवर तळाशी छोटी भोकं ठेवा. वरून सांध्यांतून झिरपलेलं पाणी खाली वाळूत येतं, त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली तर वाळू पाण्यात तरंगल्यासारखी होते आणि दुचाकीच्या स्टँडखाली वीट डुगडुगायला लागते.

पाटणचा_पाऊस

चुनाविटा, सगळं पटलं पण एक हरकत आहे. आमच्याकडे कोयनेच्या बाजूला पाऊस म्हणजे पाऊस असतो. शेजाऱ्यांनी वाळूवर विटा केल्या होत्या. जुलै संपेपर्यंत सांध्यांतली वाळू वाहून दारात आली आणि विटा सुट्या दातांसारख्या हलायला लागल्या. मी पीसीसीवर मालात बसवल्या, अजून शाबूत आहेत. मला तरी सिमेंटच बरं वाटतं.

चुनाविटा

तुमची जमीन कसली? पाटणकडे बऱ्याच ठिकाणी तांबडी किंवा मुरमाड असते, खाली कातळ लवकर लागतो. अशा जमिनीवर पीसीसी टिकतं, कारण खालचं काही हलत नाही. तिथे वाद नाही. फक्त दर आठ-दहा फुटांवर पीसीसीत आणि विटांतही सांधा सोडा, नाहीतर उन्हाने तो आपला आपण पडेल, आणि तुम्हाला नको तिथे पडेल.

शेजाऱ्यांची वाळू वाहिली याची दोन कारणं संभवतात. एक म्हणजे सांधे रुंद ठेवले असतील. वाळूच्या कामात सांधा तीन ते पाच मिलिमीटर, बोट गेलं नाही पाहिजे. दुसरं, छपराच्या पागोळ्या थेट विटांवर पडत असतील. पन्हळ लावलेली आहे का त्यांच्याकडे?

पाटणचा_पाऊस

पन्हळ नाहीये. आणि हो, वाळू जास्त पागोळ्यांच्या रेघेतलीच गेली होती. हे लक्षात नव्हतं आलं.

सावंतवाडीची_आजी

पागोळ्यांचं मी सांगते. आमच्या खळ्याला (तुमचं अंगण) पागोळ्या पडतात तिथे फूटभर रुंदीची चर ठेवून गोटे भरलेत. पाणी गोट्यांवर आपटतं आणि चरीतून माडांकडे जातं. पन्हळ दर पावसाळ्यात पानांनी तुंबते, गोटे तुंबत नाहीत.

आम्ही वीट लावली नाही, चिरा लावला. चिरा म्हणजे जांभा. दिसायला छान, पण पावसात त्याच्या भोकांत शेवाळ असं घर करतं की विचारू नका. पूर्वी पाऊस गेला की खळं खणून, माती घालून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवायचो. ते दरवर्षी नवं व्हायचं म्हणून शेवाळाचा प्रश्नच नव्हता. आता चोपायला माणसं मिळत नाहीत, म्हणून दगड आले आणि दगडाबरोबर शेवाळ.

मेणवलीकर

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आजी, शेवाळाला तुम्ही काय करता? आईमुळे मला तीच मोठी काळजी आहे.

सावंतवाडीची_आजी

ब्लीचिंग पावडर. पाऊस दोन दिवस उघडला की संध्याकाळी खळं आधी ओलं करायचं, पावडर पाण्यात कालवून खराट्याने पसरायची, पंधरा-वीस मिनिटांनी घासून धुवायची. पाणी तुळशीकडे किंवा झाडांकडे जाऊ देऊ नका, मुळं जळतात. पायात जुन्या चपला घाला, साडी नवी नको. सुरुवातीला, मध्ये आणि श्रावण संपताना अशी तीन वेळा केली की पुरतं. कुणी मोरचूद सांगतील, मी वापरत नाही. आमचं सगळं पाणी विहिरीच्या बाजूला उतरतं.

पण उन्हं लागली पाहिजेत. आमच्या फणसाखालच्या भागाला काहीही करा, हिरवं ते हिरवंच.

रसायनी

आजींच्या सल्ल्याला एक इशारा जोडते. ब्लीचिंग पावडर वापरली त्या दिवशी तिथे ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर काहीही ओतू नका. ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. उघड्या अंगणातही वाकून घासणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात तो थेट जातो.

हे मुद्दाम सांगते कारण नव्या विटांना पांढरा लोणा लागतो, आणि तो घालवायला गवंडी हमखास ॲसिड सुचवतात. लोणा म्हणजे विटेतले किंवा खालच्या वाळू-सिमेंटमधले क्षार. पाण्यात विरघळतात, पाणी वाळताना पृष्ठभागावर येतात आणि पांढरे होऊन बसतात. तो पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा विरघळून आत जातात आणि चार दिवसांनी परत वर येतात. म्हणून पहिला उपाय कोरडा. ऊन असताना कडक ब्रशने कोरडाच घासायचा, झाडून भुकटी गोळा करायची आणि अंगणाबाहेर टाकायची. सहसा एक-दोन पावसाळ्यांत तो आपोआप कमी होतो. ॲसिडने विटेचा वरचा भाजलेला पापुद्रा खराब होतो आणि मग ती आणखी पाणी पिते.

याच कारणाने सांध्यांतलं गवत मारायला मीठ टाकू नका. हा उपाय नेटवर फार फिरतो. मीठ विटेत शिरतं, वाळताना त्याचे स्फटिक होतात आणि ते विटेची पापडी उडवतात. गवताला उकळतं पाणी पुरतं. हराळी आणि लव्हाळा मात्र पाण्यानेही ऐकत नाहीत, ते पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना मुळासकट उपटावेच लागतात.

पेव्हरप्रेमी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ पेव्हर ब्लॉक टाका की. एकसारखे, मजबूत, दोन दिवसांत काम फत्ते.

चुनाविटा

पेव्हर वाईट नाहीत. सिमेंटच्या पेव्हरसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे. २००६ च्या आवृत्तीप्रमाणे हलक्या वाहतुकीला ६० मिलिमीटर जाडी आणि एम ३५ ग्रेड, नुसत्या चालण्याला ५० मिलिमीटर आणि एम ३०. विकत घेताना हे विचारा, कारण गल्लोगल्ली साच्यात ओतलेल्या ब्लॉकना ग्रेड विचारली तर मालक वर बघतो.

पण खोदाई, मुरूम, खडी, कडा हे सगळं त्यांनाही तेवढंच लागतं. पदपथावरचे पेव्हर दोन वर्षांत खचलेले दिसतात ना, तिथे ब्लॉक शाबूत असतात आणि खालचं काम नसतं. "दोन दिवसांत फत्ते" त्यातूनच येतं.

भट्टीचा_पोरगा

कराडकडचा आहे, घरात वीटभट्टी. वीट कुठली घ्यायची हे राहिलंय, म्हणून लिहितो.

बांधकामाची साधी वीट आणि जमिनीवर घालायची वीट यात फरक करा. भिंतीतली वीट गिलाव्याच्या आत झाकलेली असते. अंगणातल्या विटेला ऊन, पाऊस, टायर आणि बैलाचा खूरसुद्धा सोसायचा असतो. भट्टीत मधल्या भागातली वीट नीट भाजते. बाहेरच्या थरातली पिवळट, आमी म्हणजे कच्ची राहते, ती अंगणाला अजिबात नको, दोन पावसांत तिचा लगदा होतो. आगीच्या अगदी जवळची जास्त भाजून काळपट आणि वाकडी होते, एकमेकींना चिकटली की तिला खंगर म्हणतात. खंगर मजबूत असतो पण सरळ बसत नाही. तो फोडून खडीच्या थरात घालतात, तिथे उत्तम.

निवड हातानेच करा, ट्रक उतरवून घेऊ नका. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आवाज आला तर बाजूला. नखाने ओरखडा उठला नाही पाहिजे. कमरेच्या उंचीवरून मातीवर टाकली तर दोन तुकडे व्हायला नकोत. एखादी मुद्दाम फोडून बघा, आत काळा किंवा राखाडी गाभा नको, रंग बाहेरसारखा हवा, पांढरे चुन्याचे खडे तर अजिबात नकोत. चुन्याचा खडा पाणी लागलं की फुगतो आणि वरचा टवका उडवतो.

आणि पाण्याची परीक्षा. वीट नीट वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून परत वजन करा. आयएस १०७७ प्रमाणे साध्या विटेने २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. अंगणासाठी मी १२-१३ टक्क्यांच्या आतली बघेन. म्हणजे ३ किलोची वीट भिजून ३ किलो ४०० ग्रॅमच्या वर गेली तर घेऊ नका.

भट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाआधी बंद होतात. पावसाळ्यात मिळेल तो उरलेला, भिजलेला आणि महाग माल असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये या, निवडायला सवड मिळते.

मेणवलीकर

हे भारी सांगितलंत. विटा आडव्या घालायच्या की कडेवर उभ्या?

भट्टीचा_पोरगा

कडेवर. आमच्या विटांवर भट्टीची अक्षरं दाबलेली असतात, ती खाच. आडवी घातली तर खाच वर ठेवता येत नाही, पाणी साचतं, आणि खाली ठेवली तर तिच्याखाली पोकळी राहते. कडेवर ठेवली की खाच सांध्यात जाते आणि वाळूने भरते. शिवाय वीट चार इंच खोल जाते, डुगडुगत नाही. गाडी येणार असेल तर कडेवरच. विटा जास्त लागतात एवढंच, आणि ते मी सांगतोय म्हणून संशय घेऊ नका :)

चुनाविटा

संशय घेऊ नका, हिशोब करा. वीट ९×४×३ इंच धरली तर आडवी एका चौरस फुटाला ४ लागतात, कडेवर सांध्यासकट ५. तुमचं क्षेत्र ३६० चौरस फूट. म्हणजे आडव्या १,४४०, कडेवर १,८००. तुटफूट आणि कापकामाला दहा टक्के वाढवा. कडेवरच्या २,००० मागवा.

मुरूम एक फूट दाबून ३६० घनफूट, म्हणजे ३.६ ब्रास. दाबल्यावर बसतो, म्हणून साडेचार ब्रास सांगा. खडी सहा इंच दाबून १.८ ब्रास, मागवताना सव्वादोन. वाळू दीड इंच म्हणजे ४५ घनफूट, अर्धा ब्रास. सांध्यांसाठी वेगळी बारीक कोरडी वाळू चार-पाच पोती.

नदीची वाळू शोधत बसू नका. क्रश सँड चालते, पण धुतलेली घ्या. न धुतलेल्या क्रश सँडमध्ये दगडाची भुकटी बरीच असते, ती पाणी धरून ठेवते. ओली वाळू मुठीत दाबून सोडा. हाताला पिठासारखा लेप राहिला तर ती बिछान्याला नको.

नमुन्याबद्दल. चटई नमुना करायचा असेल (जोड्या आडव्या-उभ्या) तर लांबी रुंदीच्या दुप्पट लागते. आपली ९×४ आडवी घातली तर दोन विटा मिळून आठच इंच होतात आणि इंचभर फट उरते. कडेवर ठेवली की ९×३ मिळते आणि तीन-तीन विटांची चटई जवळपास नेमकी बसते. मोहेंजोदडोच्या विटा ४:२:१ या प्रमाणात होत्या, त्यांना हा त्रास नसणार! हेरिंगबोनला (माशाच्या काट्यासारखा नागमोडी नमुना, विटा एकमेकींना काटकोनात) मापाचं बंधन नाही, आणि गाडी वळते तिथे तोच सगळ्यांत पक्का, कारण चाकाचा रेटा कुठल्याच एका सरळ सांध्यात जात नाही. पण कडांना विटा फार कापाव्या लागतात. कटर नसेल तर गवंडी थापीने फोडतो आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात.

उत्रेख्तकर

मी नेदरलँड्समध्ये राहतो. इथे वस्त्यांमधले कितीतरी रस्ते भाजक्या विटांचे आहेत, वाळूवर, कडेवर उभ्या लावलेल्या. त्यावरून कचऱ्याच्या गाड्याही जातात. केबल टाकायची असली की कामगार येतात, विटा उचलून कडेला रचतात, खणतात, बुजवतात, दाबतात आणि त्याच विटा परत लावून जातात. गौडा शहराखालची जमीन मऊ पीटची (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची) आहे आणि सतत खचते, तिथे रस्ते अधूनमधून उचलून भर घालून पुन्हा लावावेच लागतात. सिमेंटमध्ये चिकटवले असते तर दर वेळी सगळं फोडून टाकावं लागलं असतं.

आणखी एक. इथे अलीकडे उलटी मोहीम चालू आहे. गावागावांत अंगणातल्या फरशा काढून माती उघडी करण्याची स्पर्धा लागते, पावसाचं पाणी मुरावं म्हणून. तुम्हीही कुंपणाच्या बाजूने दोन-तीन फूट मातीच ठेवा. उताराचं पाणी तिथे मुरेल, नाहीतर शेजाऱ्याच्या दारात जाऊन भांडण होईल.

हुगळीकाठ

नोकरीनिमित्त बरीच वर्षं बंगालमध्ये होतो. तिथे गावातले रस्ते हेरिंगबोन विटांचे. सीमेपलीकडे बांगलादेशात तर या रस्त्यांना सरकारी कागदांतही हेच नाव आहे. कारण साधं आहे. गाळाच्या प्रदेशात दगड मिळत नाही, म्हणून काँक्रिटमध्येही खडीऐवजी विटा फोडून घालतात. आपल्याकडे पायाखाली काळा पाषाण आणि कर्नाटकातून शहाबादी फरशी, म्हणून वीट जमिनीवर घालायची सवयच नाही. गवंडी हसतो ते त्यामुळे, त्याला दोष देऊ नका. त्याच्या गुरूनेही हे काम केलेलं नसणार.

म्हणून एक सुचवतो. त्याला आधी न्हाणीघराच्या बाजूला ४ बाय ४ चा तुकडा करायला लावा. दोरी, लेव्हल पाईप, वाळूची पट्टी हे सगळं तिथे जमलं की मग मोठ्या अंगणाला हात घाला.

पाटणचा_पाऊस

एक शंका. सांध्यांत कोरडं सिमेंट-वाळू मिसळून झाडून टाकतात आणि वरून पाणी मारतात, ते कसं? पाहुण्यांकडे पाहिलंय, गवत येत नाही म्हणे.

चुनाविटा

सगळ्यांत वाईट पर्याय. विटेच्या खरखरीत पृष्ठभागातून सिमेंटची भुकटी पूर्ण झाडली जात नाही, पाणी पडलं की ती तिथेच धरते आणि लाल अंगण कायमचं राखाडी होतं. सांधाही धड कडक होत नाही, खालची वाळू थोडी हलली की त्याचे तुकडे पडतात. वाळूवर बसवायचं तर सांधाही वाळूचा.

बारीक कोरडी वाळू झाडून भरा, कॉम्पॅक्टर फिरवा, खाली बसेल, परत भरा. असं तीनदा. मग पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा परत. त्यापुढे दिवाळीची साफसफाई करताना सांधे बघायचे आणि एखादं पोतं वाळू झाडायची, एवढीच देखभाल. मुंग्याही वाळू वर काढतात, त्याचं मनावर घेऊ नका.

जेट वॉशरवाल्याला मात्र लांब ठेवा. जवळून मारला की सांधे रिकामे होतात आणि विटेचं वरचं कातडं जातं. मारायचाच तर फूटभर अंतरावरून, तिरपा. वरून चकचकीत लॅकर मारतो म्हणणाऱ्यालाही नको म्हणा. ओल आत अडकते, लॅकर पांढरा पडून सोलतो आणि ओला झाला की घसरतो.

मेणवलीकर

गवंड्याला हे सगळं वाचून दाखवलं. कडेची ओळ सिमेंटची आहे कळल्यावर थोडा निवळला. न्हाणीजवळचा तुकडा करायला तयार आहे, पण "बिघडलं तर माझं नाव घ्यायचं नाही" ही अट घालून.

दोन गोष्टी राहिल्या. अंगणात एक चेंबर आहे, आणि नळाची लाईन अंगणाखालून जाते.

चुनाविटा

खोदाई होईल तेव्हाच नळाची लाईन बदलून घ्या, जुनी जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) असेल तर नक्कीच. मोठ्या व्यासाच्या पीव्हीसी पाईपच्या आतून न्या. एक जादा रिकामा पाईपही आडवा टाकून दोन्ही टोकं बूच लावून ठेवा, उद्या दिव्याची वायर किंवा गेटची केबल लागेल. चेंबरभोवती चारही बाजूंनी कडेसारखीच एक ओळ काँक्रिटमध्ये. चेंबर जाग्यावर राहतं आणि भोवतीचं अंगण थोडं बसतं, म्हणून झाकण विटांपेक्षा सूतभर खालीच ठेवा, वर नको. आईंच्या पायाला लागेल.

पन्नासेक विटा घरामागे उघड्यावर रचून ठेवा. पुढे एखादी फुटली तर रंग जुळेल, झाकून ठेवलेली वीट वेगळी दिसते.

सावंतवाडीची_आजी

सगळं बोललात, पण रांगोळी कुठे काढायची? विटांच्या सांध्यांवर रांगोळी धरत नाही, रेघ तुटते आणि वारा आला की सांध्यात जाते.

हुगळीकाठ

:) हा प्रश्न इतका वेळ कुणालाच पडला नाही.

चुनाविटा

तुळशीसमोर किंवा दारासमोर विटांच्या मध्ये २ बाय २ ची शहाबादी फरशी बसवून टाका. पॉलिश केलेली नको. तिला तोच उतार द्या आणि तिच्या कडेच्या विटा सगळ्या पूर्ण येतील अशा बेताने मांडणीची सुरुवात तिथूनच करा, म्हणजे कापकाम बाहेरच्या कडेला जाईल.

मेणवलीकर

घरात वाचून दाखवलं. दोन बाय दोन नाकारलं गेलं आहे. दिवाळीची रांगोळी तेवढ्यात मावत नाही, तीन बाय तीन हवी, असा निकाल आलाय. कराडला फेब्रुवारीत येतो, भट्टीचा_पोरगा, तुम्हाला व्यनि करतोय.